भिमाजीचा दुसरा जन्म

माझ्या हातून जी काही पापं झाली, त्यांतलं सगळ्यात मोठं मी बोरी बुद्रुकच्या चावडीसमोर, दिवसाढवळ्या, खांद्यावर उपरणं टाकून केलं. साल १९१५. मी गावचा शाळामास्तर, भगवंत मास्तर. वय तिशीचं आणि डोक्यात पुण्याहून येणारी वर्तमानपत्रं. भरतीचा जमादार गावात आला आणि म्हणाला, "मास्तर, चार शब्द बोला." मी चारशे बोललो. जर्मनीच्या कैसराला रावण केला, आपल्या बादशहाला राम केला. आज आपण राजाला शिपाई दिले तर उद्या राजा आपल्याला स्वराज्य देईल, असंही ठोकून दिलं. आणि गंमत अशी की माझा त्यावर मनापासून विश्वास होता.

समोर बसलेल्यांना ना कैसर ठाऊक, ना स्वराज्य. तरी भिमाजी उठून उभा राहिला. चोवीस वर्षांचा गडी, एकटा मोट ओढील असा. गावाचं नाव राहावं म्हणून उठला, दुसरं काही नाही. मी त्याच्या गळ्यात हार घातला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याची बायको साळुबाई मागं बायकांत उभी होती. संध्याकाळी ती माझ्या दारात आली. "मास्तर," ती म्हणाली, "एवढं चांगलं हाय तर तुमी का न्हाई गेला?" मी खांद्यावरचं उपरणं काढून खुंटीला अडकवलं.

बसऱ्याहून भिमाजीची दोन पत्रं आली, तिसरं आलं नाही. इराकात कूत नावाच्या गावी आपल्या पलटणी वेढ्यात सापडल्या आणि अखेर तुर्कांना शरण गेल्या, हे मला फार उशिरा कळलं, कारण जिंकल्याची बातमी तारेनं येते आणि हरल्याची पायी येते. सतरा साली सरकारी कागद आला. शिपाई भिमाजी, राहणार बोरी बुद्रुक, तुर्कांच्या कैदेत मयत. तोही मीच वाचला, त्याच चावडीसमोर.

भिमाजीचा थोरला भाऊ चांगदेव जमिनीवर बसला तो उठेना. माणूस सरळ होता. भावाला अग्नी मिळाला नाही, तो तिकडं वाळवंटात भटकत राहील, ही एकच गोष्ट त्याला खात होती. जोशीबुवांनी तोड सांगितली. देह नसेल तर पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. चांगदेवानं पानं आणली, कुकडीच्या काठी पानांचा भिमाजी रचला, हंबरडा फोडून त्याला अग्नी दिला. दहावा झाला, तेरावा झाला. तेराव्याला सगळं गाव जेवलं, मीही जेवलो.

साळुबाई मात्र घरातून बाहेर आली नाही. दोघी-तिघी म्हाताऱ्या बांगड्या फोडायला दगड घेऊन आत गेल्या. तिनं दोन्ही हात पदरात घेतले आणि म्हणाली, "मढं दावा, मग फोडते." मढं कोण दाखवणार? म्हाताऱ्या दगड घेऊन परत आल्या.

आता असं आहे की आमच्या गावात बाई एक तर सवाष्ण असते, नाही तर विधवा. मधे जागाच नाही. साळुबाई दोन वर्षं त्या नसलेल्या जागेत राहिली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावलं नाही. विधवेच्या पेन्शनच्या सरकारी कागदावर तिनं अंगठा उठवला नाही. चांगदेवाच्या पोरीच्या लग्नात तिला गोठ्यात थांबायला सांगितलं आणि ती थांबली. मग मानमोडीच्या तापाची साथ आली. आमच्या आळीतली चार घरं एका महिन्यात बसली, तेव्हा लोक उघड म्हणायला लागले, मेलेल्याच्या नावानं कुंकू लावणारी घरात आहे म्हणून हे होतंय. ती सकाळी कुंकू लावायची, शेतावर जायची, चांगदेवाच्या बरोबरीनं काम करायची. मी तिच्या समोरून जाताना नजर चुकवायचो. खरं सांगतो, मलाही ती जरा वेडी झाली असं वाटत होतं.

एकोणीस सालच्या चैत्रात जुन्नरचे व्यापारी झुंबरलाल हिरडा भरायला घाटघरला गेले होते. त्यांचे आजोबा मारवाडातून आले आणि झुंबरलालांची मराठी आमच्याहून रांगडी. गाडीत पोती चढवत असताना नाणेघाट चढून एक माणूस वर आला. दाढी छातीपर्यंत, अंगात कुठल्या तरी परदेशी शिपायाचा फाटका कोट, पायांना चिंध्या बांधलेल्या. त्यानं पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "भाऊ, बोरीत कोण कोण राह्यलंय?"

"तू कोन?"

"चांगदेवाचा भाऊ, भिमाजी."

झुंबरलाल मला नंतर म्हणाले, "मास्तर, त्याच्या तेराव्याचा गूळ माझ्याच दुकानातनं गेलता." तरी त्यांनी त्याला गाडीत घातला आणि जुन्नरला घरी आणला. त्यांच्या आई झमकूबाई धीराच्या. त्यांनी त्याला ओसरीवर बसवून भाकरी वाढल्या आणि घाबरलेल्या सुनांना सांगितलं, "भूत असतं तर एकीवरच थांबलं असतं. ही चौथी हाय." पण त्यांनीच भिमाजीला अडवलंही. तुझं दिवसपाणी झालंय, तू असाच घरात पाऊल टाकलंस तर गाव दगड मारील, आधी निरोप जाऊ दे. निरोप घेऊन झुंबरलाल स्वतः माझ्याकडं आले.

मी चांगदेवाला सांगितलं, चांगदेव रडला. मग साळुबाईला सांगायला गेलो. ती जात्यावर होती. मी म्हणालो, "साळुबाई, भिमाजी जुन्नरला आलाय." तिनं दळण थांबवलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "जेवला का?" मी म्हणालो, चार भाकरी खाल्ल्या. तेव्हा तिचा हात थांबला आणि तिनं जात्यावर डोकं टेकलं.

मी आणि चांगदेव जुन्नरला गेलो. भिमाजीनं मला ओळखलं, हाराचा विषय काढला नाही. तिकडं काय झालं ते त्यानं तुटक तुटक सांगितलं. तुर्कांच्या मुलखात जर्मनांची रेल्वे चालली होती, तिच्यावर कैदी दगड फोडायचे. आपले, गुरखे, गोरे, रशियाचेसुद्धा. गोऱ्याच्या आणि काळ्याच्या पाठीवर चाबूक सारखाच वाजतो, हे त्यानं तिथं पाहिलं. एके दिवशी रशियाचे कैदी कामावर उठेनात. त्यांच्या देशात त्यांच्याच लोकांनी राजा खाली ओढला होता.

"मी एकाला खुणंनं इचारलं, मंग आता तू कुनाचा शिपाई?" भिमाजी सांगत होता. "त्यो हसला आन् कुदळ टाकून दिली. लई मार खाल्ला मास्तर, पर परत उचलली न्हाई. तवापासनं मलाबी वाटाया लागलं, मी कुनाचा?"

मी, ज्यानं त्याला बादशहाचा केला होता, खाली मान घालून ऐकत होतो. पुढं तुर्क हरायला लागले, पहारेकरी पळाले. बाकीचे कैदी साहेबाची वाट पाहत थांबले. भिमाजी थांबला नाही. यात्रेकरूंबरोबर, उंटवाल्यांबरोबर चालत बसऱ्याला आला आणि खेचरांची देखभाल करत एका बोटीनं मुंबईला. पुण्याची गाडी धरली तर लष्करी पहारा भेटेल, म्हणून कल्याणवरनं पायी आणि नाणेघाटानं वर. "पुन्ना कुनापुढं हजेरी द्यायची न्हाई," तो म्हणाला. "घरी जायाचं."

घर मात्र एवढं सोपं नव्हतं. जोशीबुवा म्हणाले, ज्याचं तेरावं जेवलो तो उंबरा कसा ओलांडणार? त्याला आधी जन्मावं लागेल. म्हणजे खरोखरच जन्मावं लागेल. जातकर्म, बारसं आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न.

मी शिकलेला माणूस, मला हसू येत होतं. पण गाव गंभीर होतं. गुळाची मोठी काहील घासून आणली, तिच्यात पाणी भरलं, वर तुपाचा चमचा फिरवला. अठ्ठावीस वर्षांचा भिमाजी तिच्यात गुडघे पोटाशी घेऊन, मुठी आवळून बसला. बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद. भिमाजीची आत्या कुशाबाई, सत्तरीची, कमरेत वाकलेली, हिनं त्याला हाताला धरून बाहेर काढला आणि दुपट्यात गुंडाळला. तो थंडीनं शिंकला, तेव्हा कुणी तरी म्हणालं, "रडला, रडला," आणि पोर झालं म्हणून परातीवर काठी पडली.

बारा दिवस तो देवळात राहिला. बाराव्या दिवशी लिंबाला घोंगडीची झोळी बांधली. तिच्यातून त्याचे पाय हातभर बाहेर आले. बायकांनी पाळणा म्हटला. कुशाबाईनं वाकून त्याच्या कानात कुर्रर केलं, बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले आणि तिनं नाव सांगितलं, जानकू. जुनं नाव पळसाच्या पानांबरोबर जळालं, ते पुन्हा ठेवायचं नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

लग्नाला अडचण आली ती साळुबाईची. जोशीबुवा म्हणाले, आधी हातातल्या जुन्या बांगड्या उतरवा, मग नव्या भरा. ती म्हणाली, "उतरवायच्या न्हाईत. ह्याच्यावरच भरा." अर्धा तास घोळ चालला. शेवटी कासारानं जुन्या बांगड्यांवर नव्या चढवल्या, कोपरापर्यंत हात भरला, आणि अंतरपाट धरला गेला. साथीनं अर्धं रिकामं झालेलं ते गाव त्या दिवशी पोट दुखेपर्यंत हसलं. कित्येक महिन्यांनी हसलं. मीही हसलो आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.

सव्वा महिना झाला नाही तोच जमादार आला. कुणाकडून तरी त्याच्या कानावर गेलं होतं. तिकडं काबूलच्या अमीराशी नवी लढाई जुंपली होती आणि माणसं हवी होती. पंजाबात सरकारनं लोकांवर गोळ्या झाडल्याची कुजबुज बाजारात होती, त्यामुळं आमच्या तालुक्यातून हात वर करायला कुणी तयार नव्हतं. जमादारानं चावडीत सांगितलं, हा पळपुटा शिपाई आहे. हजर न होता घरी बसला. प्रांतसाहेबांचा मुक्काम जुन्नरला आहे, परवा तिथं हजर करा. मुकाट्यानं परत पलटणीत जाईल तर ठीक, नाही तर बेड्या.

जमादार गेला. मग कुशाबाई भिंतीला टेकून, पान कुटता कुटता म्हणाली, "सरकार कुनाला नेतंय? भिमाजीला ना? त्याला तर आपुन जाळला."

आधी कुणाला कळलं नाही. मग मला कळलं. सरकारचा कागद सांगतो भिमाजी मेला. गाव सांगतं, मेला, आम्ही तेरावं जेवलो. देवाधर्मानं हा दुसरा माणूस, नावही दुसरं. सरकारनं चूक केली आणि गावानं विधी केला, आणि या दोन्हींच्या मधे भिमाजीला उभं राहण्यापुरती जागा तयार झाली होती. फक्त एक गोष्ट आड येत होती. सगळ्या गावात एकच माणूस असं होतं, ज्यानं भिमाजीला एक दिवसही मेलेला मानलं नव्हतं.

जुन्नरच्या वाटेवर मी साळुबाईच्या गाडीत बसलो. "हे बघ," मी म्हणालो, "साहेब विचारील. म्हणायचं, मी विधवा झाले होते. बांगड्या तेवढ्या फोडायच्या राहिल्या. एवढंच म्हण." ती बाहेर बघत राहिली. मी पुन्हा सांगितलं. नारायणगाव मागं पडलं तरी ती बाहेरच बघत होती. जे तोंडातून काढलं नाही म्हणून ती गोठ्यात बसली होती, तेच मी तिला म्हणायला सांगत होतो.

प्रांतसाहेबांची राहुटी आमराईत होती. मागं आमचं अख्खं गाव उभं, झुंबरलाल आणि बाजारातले लोकही आलेले. साहेब गोरा, चाळिशीचा, मराठी बोलायचा, पण पुस्तकातलं.

"तुझं नाव?"

"जानकू," भिमाजी म्हणाला.

"वय?"

"सव्वा म्हैना झाला सायेब."

मागं कुणी तरी हसलं. साहेब हसला नाही. त्यानं चांगदेवाला पुढं बोलावलं. चांगदेव हात जोडून म्हणाला, "माझा भाऊ भिमाजी मेला. म्या सोता अग्नी दिला." कुशाबाई म्हणाली, "ह्याला काहिलीतनं म्या काढला. अंग अजून दुखतंय माझं." मग साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मी सरकारी शाळेचा मास्तर, खोटं बोललो तर पगार आणि अब्रू दोन्ही जाणार.

"साहेब," मी म्हणालो, "भिमाजी मयत झाल्याचा सरकारी कागद मी वाचला. सरकारच्या कागदाला खोटं म्हणायची मला परवानगी नाही." आयुष्यातलं माझं हे सगळ्यात लहान भाषण, आणि याच एका भाषणाचा मला अभिमान वाटतो.

साहेबाच्या मिशा किंचित हलल्या. तेवढ्यात जमादार पुढं झाला. "साहेब, या बाईचे हात बघा. ही त्याची बायको. नवरा मेल्यावर यांच्यात बांगड्या फोडतात. हिनं कधीच फोडल्या नाहीत. सगळ्या गावाला विचारा."

साहेबानं कुणाला विचारलं नाही. त्यानं साळुबाईला समोर बोलावलं. कोपरापर्यंत भरलेले हात घेऊन ती पुढं गेली.

"बाई, तू विधवा झाली होतीस काय?"

मी तिच्याकडं बघत मनात म्हणत होतो, हो म्हण, बाई, हो म्हण.

"न्हाई," साळुबाई म्हणाली.

चांगदेवानं डोळे मिटले. जमादार हसला.

"म्हणजे तुझा नवरा जिवंत आहे असे तू मानत होतीस?"

"व्हय."

"तर मग शिपाई भिमाजी मेला नव्हता."

"त्ये मला कसं ठावं असंल सायेब?" साळुबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, खाली बघितलं नाही. "शिपाई म्या कदी पाह्यलाच न्हाई. त्याला टोपी तुमी घातली, बंदूक तुमी दिली, नंबर तुमी दिला. कुठं नेला, कशापायी नेला, त्ये तुमालाच ठावं. त्यो मेल्याचा कागदबी तुमीच धाडला. बांगड्या म्या शिपायाच्या न्हाईत भरल्या. शिपाई तुमचा व्हता, त्यो मेला. धनी माझं व्हतं, त्ये आलं."

साहेबानं हातातली लेखणी खाली ठेवली. आपल्या बादशहाच्या राज्यात कुठली कुठली जमीन येते हे त्याला तोंडपाठ असणार, पण एक जागा त्या राज्याबाहेर आहे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं असावं. कारकून वाकून हळूच म्हणाला की नोंद बदलायची तर पुण्याला, मुंबईला, सिमल्याला लिहावं लागेल आणि जिवंत शिपाई मेला कसा लिहिला, याचा खुलासा सगळ्यांनाच द्यावा लागेल. साहेबानं त्याला हातानं गप्प केलं.

"जमादार," तो म्हणाला, "मेलेल्या माणसाला पलटणीत घेता येत नाही." आणि त्यानं कागद मिटला.

बाहेर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. झुंबरलालांनी दुकानातून गुळाची ढेप आणून दगडावर फोडली आणि दिसेल त्याच्या हातात खडा दिला. ज्या म्हाताऱ्या दगड घेऊन साळुबाईकडं गेल्या होत्या, त्यांच्यातल्या दोघींनी पुढं होऊन तिला कुंकू लावलं. चांगदेव तिच्या पाया पडायला वाकला, थोरला दीर असून वाकला, आणि तिनं लाजून पाय मागं घेतले. त्यानंतर भरतीचा जमादार बोरीत पुन्हा आला तेव्हा चावडीसमोर कुणी बसलं नाही, आणि मलाही त्यानं भाषण करायला सांगितलं नाही.

पण मला आठवतं ते त्या संध्याकाळचं. गाड्या जुंपल्या होत्या. भिमाजी आणि साळुबाई गाडीत न बसता पुढं चालत निघाले होते. मी त्यांच्या मागंच होतो. जुन्नर मागं पडलं. मग भिमाजीनं विचारलं, "खरंच तुला कदीच वाटलं न्हाई का गं, मी मेलो म्हनून?"

"रोज वाटायचं," साळुबाई म्हणाली. "त्ये त्यास्नी कशाला सांगू?"

भिमाजी वाटेतच थांबला. ती थांबली नाही. मग तोही निघाला, आणि बोरीपर्यंत ती पुढं आणि तो मागं, असेच दोघं चालत गेले.